तांदळाच्या डब्यातली डबी

माझ्या स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे आहेत. एकात रोजचा तांदूळ. दुसऱ्यातही तांदूळच, पण त्याच्या तळाशी कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलेली एक डबी. डबी हे मी दिलेलं नाव. बोटाएवढं काळं यंत्र, त्याला दोन बटणं आणि नखाएवढा पडदा. विकणारे त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. क्रिप्टो म्हणून जे आभासी चलन असतं, त्याची किल्ली या यंत्रात राहते. लोकांना वाटतं यात पैसे असतात. पैसे नसतात, किल्ली असते. हा फरक मला समजला तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणून ज्यांना तो अजून समजला नाही त्यांना मी हसत नाही.

एकदा डबी वायरला लावलेली असताना शेजारीण आत आली. तिचा नवरा राइस मिलमध्ये मुनीम आहे आणि आमच्या मूल गावात काय चाललंय हे मिलच्या भोंग्याआधी तिला कळतं. "हे काय जी बाई?" तिनं विचारलं. मी गडबडून म्हटलं, "शुगर पाहाची मशीन हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती दारात उभी, बोट पुढे करून. "चहासुद्धा नाई घेतला बाई, उपाशीपोटी आली. पाहा बरं माही किती हाय." मी सेल संपले म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती दर आठवड्याला विचारते, आले का सेल? एक खोटं बोललं की त्याला जन्मभर पोसावं लागतं. हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आले आणि स्वतः मात्र दोन खोटी पोसत होते. दुसरं खोटं या शुगरच्या मशीनपेक्षा मोठं होतं.

मी गणिताची बाई. नोकरीतली अकरा वर्षं भामरागडकडच्या आश्रमशाळेत गेली, बाकीची इकडे मूल तालुक्यात. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणारे आता बहुतेक गेले. सख्खा भाऊ पोंभुर्ण्याला शेती करतो. त्याची मुलगी आठवी ते बारावी माझ्याकडे राहून शिकली. पाच वर्षं या घरात दोन ताटं मांडली जात होती. मग ती नागपूरला गेली, तिथून पुण्याला, आणि आता युरोपातल्या एका थंड देशात सॉफ्टवेअरचं काम करते. पोरगी दूर गेली की आईला फोन करते, केलाच पाहिजे. आत्याला केलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. सणावाराला करायची, वाढदिवसाला करायची, तीन-चार मिनिटं. मी तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला हक्क लागतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती पंधरा दिवसांसाठी आली आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तिनं पर्समधून ही डबी काढली. तिकडे ती तेव्हा तिघींसोबत भाड्याच्या घरात राहत होती, एकदा बॅगही चोरीला गेली होती. तिच्या बचतीतला मोठा भाग या चलनात होता आणि त्याची किल्ली तिला आपल्या माणसाकडे ठेवायची होती.

"बापाकडे काऊन नाई ठेवत?" मी विचारलं.

"बाबाच्या तोंडात तीळ नाई भिजत. अन् आई ही डबी साबणानं धुऊन उन्हात ठेवीन."

दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. तिनं माझी निवड केली याचा मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम कपाळाला आठी घातली.

डबी पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिच्या पडद्यावर एकेक करत चोवीस इंग्रजी शब्द आले. ते कागदावर लिहून ठेवायचे. त्यांना इंग्रजीत सीड म्हणतात. मी म्हटलं, सीड म्हणजे बियाणं नं? ती म्हणाली, "हो, तेच समज. डबी जळली, हरवली, तरी हे शब्द असले त नव्या डबीत सगळं परत उगवते. अन् हे दुसऱ्याच्या हाती लागले त त्याच्या वावरात उगवते. याचा फोटो नाई काढाचा, मोबाइलात नाई टाकाचे, कम्प्युटरवर त मरेपर्यंत नाई टाइप कराचे. कोणीबी मागू दे." मला हे लगेच समजलं. आमच्या घरी बियाण्याचं धान वेगळ्या ढोलीत असायचं आणि घरात कितीही ओढ असली तरी बाप त्याला हात लावू देत नसे.

शब्द लिहायचं काम मी घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. मी ते सगळे देवनागरीत लिहिले, कारण मला वाटलं चोर असलाच तर इंग्रजी शिकलेला असणार, त्याची जरा फजिती होईल. तिनं कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, हे सतरावं, राइट. हे लिव्हाचं राइट का बरोबरवालं राइट?"

"एकच त हाय."

"यादीत दोन्ही हायेत! स्पेलिंग वेगळं हाय नं!"

चलन अजून या किल्लीवर आणलेलं नव्हतं, म्हणून डबी पुन्हा कोरी करून पहिल्यापासून सुरुवात. नवे चोवीस शब्द मी इंग्रजीत लिहिले, वळणदार, एकाखाली एक. तो कागद कुठे आहे हे मी इथे सांगणार नाही.

पुढचं काम होतं ही डबी वेब ॲपला जोडण्याचं. नव्या किल्लीवर वळवलेलं चलन तिनं ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका ठिकाणी कामाला लावलं होतं. महिन्याकाठी त्याचा मोबदला जमायचा आणि तो उचलायला डबीची सही लागायची. तिचा जुना लॅपटॉप तिनं फक्त याच कामासाठी माझ्याकडे ठेवला. त्यात सिनेमा नाही, गाणी नाहीत, दुसरं काही म्हणजे काही नाही. ती म्हणाली, "आत्या, जोडणं म्हणजे पाहुण्याले ओसरीवर बसवणं. त्याले तुझा पत्ता दिसते, तुझ्याकडे काय हाय ते दिसते. घेता येत नाई. घ्याचं असलं त तो सही मागते. सहीच्या वेळी कम्प्युटरवर काय लिव्हलं ते नाई पाहाचं, डबीच्या पडद्यावर काय लिव्हलं ते पाहाचं. कम्प्युटरले कोणी फसवू शकते, डबीले नाई. डबीवर नाई समजलं असं काही आलं, नुसते आकडे-बिकडे, त डावं बटण. नकार. कोणाचीबी भीड नाई ठेवाची."

आणि सही केली की ती एका साखळीवर नोंदली जाते. ती साखळी जगात कुणालाही पाहता येते. मी म्हटलं, म्हणजे चावडीवरचा फळा, वाचा सगळ्यांनी पण पुसता कुणालाच येत नाही. ती खूश झाली. "हो, आत्या, एकदम फळा." ही उपमा माझी स्वतःची होती आणि तरी पुढे ती माझ्या ध्यानात राहिली नाही, हे लक्षात ठेवा.

ती गेली. घरात परत एक ताट.

पहिला फोन ठरल्याप्रमाणे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला आला. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. मी लॅपटॉप मांडीवर, डबी वायरला, चष्मा नाकावर, मोबाइल स्पीकरवर तांदळाच्या डब्याला टेकवलेला. सगळं काम वीस मिनिटांचं होतं, पण फोन चालला एक तास दहा मिनिटं. मधे मधे पान उघडायची वाट पाहावी लागते. त्या वेळात माणूस काय करणार? बोलतो. तिकडे बर्फ पडलाय, ऑफिसातली एक बाई फार खवट आहे, तिला रात्री झोप नीट लागत नाही. हे तिनं आईला सांगितलेलं नव्हतं. मी पडद्यावर फिरणारं वर्तुळ पाहत होते आणि मनात म्हणत होते, फिर बाबा, सावकाश फिर.

दुसऱ्या महिन्यात मी फोन यायच्या आधीच हुशारी केली. ॲपचं नाव शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. तेच रंग, तेच चिन्ह. तेवढ्यात फोन वाजला. "आत्या, काय दिसून राह्यलं?" मी वाचून दाखवलं, "खात्री पटवण्यासाठी आपले चोवीस शब्द भरा." पलीकडून ती ओरडली, "हात वर कर!" मी खरोखर दोन्ही हात वर केले. फोन व्हिडिओचा नव्हता, तिला काही दिसत नव्हतं, तरी मी चांगली मिनिटभर तशीच बसले होते. ते ठिकाण खोटं होतं, पैसे देऊन जाहिरातीत वर आणलेलं. तिनं मला खऱ्या पत्त्याची खूण ब्राउझरमध्ये करून ठेवायला लावली. यापुढे शोधायचं नाही, खुणेवरूनच जायचं. तिचा आवाज कापत होता, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी, खरं सांगते, बरं वाटलं. माझ्यामुळे कुणी घाबरावं असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात चुकलं नाही, फोन एकोणीस मिनिटांत आटोपला. चौथ्या महिन्यात ती सांगायच्या आधीच माझं पुढचं बटण दाबून झालेलं असायचं. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "काम झालं नं, आता डिस्कनेक्ट कर, वायर काढ. चाल आत्या, ठेवतो." आमच्याकडे बायाही करतो, जातो असंच बोलतात. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

त्या दुपारी मी लॅपटॉप बंद केला आणि तशीच बसून राहिले. समोर अख्खा रविवार पडला होता. मिल सुट्टीमुळे बंद होती, त्यामुळे आवाज म्हणावा असाही काही नव्हता. खिडकीच्या गजांवर कोंड्याची भुकटी साचली होती, ती पुसली. मग पुन्हा एकदा पुसली. मी गणिताची बाई आहे. एक तास दहा, मग एकोणीस मिनिटं, मग अकरा, ही श्रेणी कुठे जाते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जितकी शिकेन तितका फोन आटत जाणार. पूर्ण शिकले की ती म्हणेल, आत्या, आता तूच करून टाकत जा. आणि मग मी आणि तांदळाचे दोन डबे.

पाचव्या महिन्यात डबीवर सहीचा मजकूर आला. मला तो स्वच्छ समजला होता. मी म्हटलं, "मले नाई समजलं."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. जोडणं म्हणजे ओसरी, सही म्हणजे आतली कोठी, पडदा डबीचा पाहायचा. फोन त्रेपन्न मिनिटं चालला.

ज्या बाईनं एकतीस वर्षं "समजलं का?" असं विचारलं, तिनं स्वतः "नाई समजलं" म्हणणं सोपं नव्हतं. माझा स्वभाव तापट आहे आणि हुशारीचा मला गर्व आहे, तो कधी लपवलेला नाही. पण त्या रविवारपासून मी दर महिन्याला मठ्ठ व्हायला शिकले. कधी बटण सापडायचं नाही, कधी खूण कुठे गेली ते आठवायचं नाही, कधी डिस्कनेक्ट कुठे लिहिलंय तेच दिसायचं नाही. ते तर मला मुळीच दिसत नसे, कारण त्याच्यामागून "ठेवतो" यायचं.

मात्र कुणी पाहत नसताना मठ्ठ राहणं मला जमेना. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी डबी काढायची आणि एकटीच सराव करायची. खुणेवरून जायचं, पत्त्यातलं अक्षर न् अक्षर तपासायचं, जोडायचं, पाहायचं, तोडायचं. एका बुधवारी मी दिलेल्या परवानग्यांची यादी उघडली. एखाद्या ॲपला आपलं चलन हाताळायची परवानगी दिली की काम झालं तरी ती तशीच राहते, आपणहून काढावी लागते. यादीत एक जुनी परवानगी होती, हिवाळ्यात पोरीनं घाईत दिलेली, तीही अमर्याद. म्हणजे त्या ॲपनं मनात आणलं तर वाटेल तेवढं, वाटेल तेव्हा नेता आलं असतं. मला न मिटलेला कंस पाहवत नाही. डबी जोडली, मजकूर दोनदा वाचला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि ती परवानगी काढून टाकली. शिकवणारीची चूक शिकणारीनं दुरुस्त केली होती. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी उठून दारापर्यंत गेले. दारात शेजारीण भेटली. "आले का सेल?" तिनं विचारलं.

याच दिवसांत मला आश्रमशाळेतली एक मुलगी आठवायला लागली. आठवायला लागली म्हणजे जाईच ना. पाचवीत होती, गोंड घरची, नदीपलीकडच्या गावची. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की महिना महिना घरचं कुणी येऊ शकत नसे. मी फळ्यावर अपूर्णांक शिकवून "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग हो म्हणायचा आणि ही एकटी हात वर करून म्हणायची, "नाई समजलं बाई." मग मी तिच्याजवळ जाऊन बसायची, तिच्या वहीत गणित सोडवून दाखवायची. ती माझ्या दंडाला टेकून बसायची आणि वहीकडे कमी, माझ्या पदराकडे जास्त पाहायची. परीक्षेत तिची सगळी गणितं बरोबर आली. एकूण एक. मी तिला वर्गासमोर उभं केलं. म्हटलं, "तुले सगळं येते, मंग खोटं काऊन बोलते? माझा वेळ वाया घालवते?" तिला मागच्या बाकावर बसवलं. त्यानंतर ती कधीच नाई समजलं म्हणाली नाही आणि मी त्याला शिस्त लागली म्हणाले. कितीतरी वर्षं मी ही गोष्ट नव्या शिक्षिकांना सांगत असे, पोरं कशी फसवतात याचं उदाहरण म्हणून.

मी फार मूर्ख बाई होते. त्या पोरीला गणित नको होतं, दंड हवा होता. हे समजायला मला स्वतःला मागच्या बाकावर जाऊन बसावं लागलं.

असं वर्ष गेलं, वर थोडं. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी पोरगी म्हणाली, "आत्या, एक सांगाचं होतं. इकडं घर घेऊन राह्यलो मी. छोटंसं. पुढच्या महिन्यात सगळंच काढून घेतो. तुझ्या डोक्याचा ताप गेला समज."

"चांगलं झालं," मी म्हटलं. "आपलं घर असलं पाहिजे माणसाले."

तिकडे घर घेतलं म्हणजे ती परत येणार नव्हती, एवढं बेरजेचं गणित मला येतं. आणि डबी रिकामी झाली म्हणजे पहिल्या रविवारचं कारण संपलं, हेही. तो महिना मी रागात काढला. दूधवाल्यावर चिडले, विहारात पौर्णिमेच्या वंदनेला आलेल्या बायांवर चिडले, मिलच्या भोंग्यावर चिडले. पोरीवर चिडता येईना. तिनं काय चुकीचं केलं होतं? आपल्या घामाचं घर घेत होती. मी मनात ठरवलं की शेवटच्या फोनला काहीच समजू द्यायचं नाही. एक अक्षर नाही. संध्याकाळपर्यंत ओढायचं.

आणि तसंच केलं. खूण कुठी हाय? जोडू म्हणजे काय करू? पासवर्ड कोणता, डबीचा का लॅपटॉपचा? ती प्रत्येक वेळी सांगत गेली. एकदाही तिचा आवाज चढला नाही. ओसरी सांगितली, कोठी सांगितली, दोन राइटची गोष्ट सांगून हसलीसुद्धा. शेवटी पाठवायचा पत्ता डबीवर आला. बेचाळीस अक्षरं आणि आकडे, एकात एक अडकलेले. लोक पहिले चार आणि शेवटचे चार पाहून पुढे जातात. तिचा नियम होता की अख्खा वाचायचा, कारण चोर मधलेच बदलतात. मी डबीवरून मोठ्यानं वाचायला लागले आणि ती तिकडे तिच्या कागदावर बोट ठेवून "हं" म्हणत होती. शून्य, एक्स, सात. हं. बी, चार, चार. हं. या घरात आम्ही असेच पाढे म्हटले होते, मी पोळ्या लाटताना आणि ती ताटात मीठ वाढताना. शेवटचं अक्षर झालं.

"बरोबर हाय. दाब आत्या दोन्ही बटणं."

माझी बोटं बटणांवर होती. मला दाबवेना.

"आत्या? दाबलं?"

"नाई."

"काऊन? नाई समजलं का?"

आता हो म्हणायचं होतं. त्याऐवजी माझा हुंदका निघाला आणि त्याचा मला भयंकर राग आला. "समजते मले," मी ओरडलेच. "सगळं समजते. केव्हाचं समजते. खोटं बोलून राह्यलो होतो मी तुझ्यासंग, दर महिन्याले. तू फोन ठेवू नये म्हून."

ती हळूच म्हणाली, "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"तू ती जुनी परवानगी काढली नं, मागं एका बुधवारी? माझीच चूक होती ती. साखळीवर दिसते नं आत्या सगळं. तूच त म्हणे, चावडीवरचा फळा."

म्हणजे वर्षभर माझी चोरी फळ्यावर लिहिलेली होती, तारखेसकट, आणि ती जगाला वाचता येत होती. मी स्वतः दिलेली उपमा मीच विसरले होते. मला हसूही येत होतं आणि तोंड लपवावंसंही वाटत होतं.

"मंग काऊन दर महिन्याले पहिल्यापासून सांगत बसली?" मी विचारलं.

"तू विचारून राह्यली होती म्हून," ती म्हणाली.

एवढंच. दुसरं काही कारण तिनं दिलं नाही आणि तिला ते द्यावंसंही वाटलं नाही. मी माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर एकदाही दिलं नव्हतं. पोर विचारतं आहे म्हणून पुन्हा सांगायचं, ते का विचारतं आहे हे मनाशी ओळखून गप्प राहायचं. ही पोरगी कुठे शिकली कोण जाणे. माझ्याकडे तर नक्कीच नाही.

मी दोन्ही बटणं दाबली. पडद्यावर बरोबरची खूण आली. तिनं नेहमीप्रमाणे डिस्कनेक्ट करायला सांगितलं, मी केलं. वायर काढली. नंतर ती म्हणाली, चाल आत्या, ठेवतो.

पुढचा महिना लांबला. म्हणजे तीस दिवसांचाच होता, पण लांबला. धानाचा हंगाम असल्यानं मिल दिवसभर चालू असे आणि गजांवर रोज भुकटी साचे. मी रिकामी डबी परत तांदळाच्या तळाशीच ठेवली. काढून टाकायला हरकत नव्हती. पण इतक्या दिवसांत तो डबा तिचा झाला होता.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम लवकर जेवले आणि दोनच्या आत आडवं पडायचं ठरवलं. पडले नाही. पावणेदोनला डबी काढून पदरानं पुसली आणि समोर ठेवली. दोन वाजले. सव्वादोन झाले. मी स्वतःला म्हटलं, बाई, हक्क नाही तर तक्रारही नाही. डबी उचलून परत डब्यात घालत होते, तेव्हा फोन वाजला.

"आत्या," ती म्हणाली, "उशीर झाला, सामान हलवून राह्यलो होतो. एक विचाराचं होतं. तू अंबाडीची भाजी करते नं कण्या घालून, ती कशी कराची ते मले नाई समजलं कधी."

ही दहावीत असताना मी तापानं पडले होते, तेव्हा आठ दिवस हिनंच स्वयंपाक केला होता. अंबाडी तर अशी केली होती की मी आजारीपणात दोनदा मागून घेतली होती.

"तिकडं मिळते का अंबाडी?" मी विचारलं.

"नाई."

मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, पाय पसरून बसले आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.